तिसरी रेघ

"पोरी, दोरा कुठे गेला?"

मला पोरी म्हणणारं आता जगात आईशिवाय कुणी उरलेलं नाही, त्यामुळे काकूंच्या तोंडून तो शब्द ऐकून मी आधी त्यानेच सुखावले. दोऱ्याचं नंतर डोक्यात शिरलं. काउंटरवर त्यांनी फोटो फिरवून माझ्याकडे सरकवला होता. मीच साफ केलेला, मोठा करून छापलेला, दोघांसाठी दोन प्रती. कामावर मी खूश होते. खरं सांगायचं तर स्वतःच्या कामावर मी नेहमीच खूश असते, तो माझा जुना आजार आहे. पण या फोटोचं समाधान काही औरच होतं. आला तेव्हा तो पत्त्यातल्या पानाएवढा होता, मधोमध घडी पडलेली, कोपऱ्यात बुरशी, आभाळभर पांढरे ठिपके आणि वरून खाली उतरलेल्या लांब पांढऱ्या रेघा. आता आभाळ इतकं स्वच्छ झालं होतं की बघत राहावं. खाली गच्चीवर दोन मुलं होती, दोन वेण्यांची मुलगी आणि तिच्या खांद्याला लागणारा मुलगा. दोघांचे हात वर, मुठी आवळलेल्या, तोंडं उघडी, नजर वर. "कुठला दोरा?" मी विचारलं. "अगं, पतंगाचा! पतंग उडवतोय ना आम्ही यात," काकू म्हणाल्या, आणि मी तो फोटो पहिल्यांदा पाहिल्यासारखा पाहिला. दोन मुलं हात वर करून काहीच नसलेल्या आभाळाकडे बघत होती, रस्त्यात बस थांबवायला उभी असल्यासारखी. आभाळात काही नव्हतं, कारण ते मीच पुसलं होतं.

काकूंच्या मागे काका उभे होते. हे दोघं पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा मी त्यांना नवरा-बायको समजले होते, कारण इतकं न दमता भांडणारी माणसं मला दुसऱ्या कुठल्या नात्यात माहीत नव्हती. "ही बायको असती तर मी कधीच पळून गेलो असतो," काका तेव्हा म्हणाले होते, "ही ताई आहे माझी. ताईपासून पळता येत नाही." काकू त्यांना छोट्या म्हणतात. छोट्या आमच्या दारातून आत येताना मान वाकवतो. आज दोघांनी मिळून मला जे सांगितलं ते असं, म्हणजे एकाने सांगितलं आणि दुसऱ्याने प्रत्येक वाक्याला आडकाठी घातली: फोटो त्यांच्या वडिलांनी काढलेला. पतंग चौकटीच्या बाहेर, तो कधीच दिसत नव्हता. पण दोरा दिसायचा, कारण तो पतंगाचा मांजा नव्हता, आईच्या डब्यातला गाद्या शिवायचा जाड पांढरा दोरा होता. मांज्याने बोटं कापतात म्हणून घरात मांज्याला बंदी. आता प्रश्न इतकाच, की दोरा कुणाच्या मुठीत होता? ताईच्या, की छोट्याच्या? दोघांनाही लख्ख आठवतं. दोघांच्याही बोटांना त्या दोऱ्याची ओढ अजून आठवते. यावर ते शाळेत भांडले, एकमेकांच्या लग्नात भांडले, आणि मधली कित्येक वर्षं फोटोच हरवलेला असल्यामुळे पुराव्याविना भांडले. आता काकांचं घर रिकामं करताना कपाटामागे तो सापडला. काका परवा लेकीच्या गावी चालले होते, कायमचे. "जायच्या आत एकदाचा निकाल लागू दे, म्हणून तर मोठा करायला दिला," काकू म्हणाल्या. "स्वच्छ दिसेल म्हणून," काका म्हणाले. आणि मी पुरावाच धुऊन काढला होता.

माझ्या छातीत एक बारीक कळ आली. तशी मी घाबरट नाही. पण दिवसभर मी हेच करते, लोकांच्या चेहऱ्यांवरून हात फिरवते, आणि हात इतका सरावलेला आहे की डोळ्यांना विचारायला थांबत नाही. पडद्यावर चेहरा मोठा केला की तो चेहरा राहतच नाही, शेत होतं. इथे एक खड्डा, तिथे एक तण. शेजारची चांगली कातडी उचलायची, डागावर टेकवायची, पुढे सरकायचं. मुरूम, ओरखडे, जावळाच्या फोटोत आलेली कॅमेऱ्याची धूळ, नवऱ्या मुलीच्या कपाळावरचा डास चावलेला ठिपका. या कामाने माझी नजर नासली आहे असं माझा नवरा म्हणतो, जेवताना मी त्याच्या तोंडाकडे बघते तेव्हा तो पुढचा वाकडा दात ओठाने झाकतो आणि म्हणतो, "आत्ता नको, जेवून झाल्यावर काढ." मी हसते, पण दात बघतच असते. आता काउंटरवर उभ्या उभ्या मला वाटलं, आजवर मी आणखी काय काय पुसलं असेल? कुणाच्या गालावरचा ओघळ मी पाण्याचा डाग समजले असेन? कुणाच्या हातातून काय सोडवून घेतलं असेन? लोक फोटो घेतात, छान झालाय म्हणतात आणि जातात. हात वर केलेली मुलं तक्रार करायला येत नाहीत. ती म्हातारी होऊन येतात, तीसुद्धा एखादीच.

आणि चौकटीबाहेर बघणारी मुलं पाहिली की मला माझं लहानपण आठवतं. आम्ही घरासमोरच्या मैदानात खेळायचो, आणि आमचा खेळ कधी आपणहून संपला नाही. तो शिट्टीने संपायचा. वरून, तिसऱ्या मजल्यावरून, एक लांब आणि एक तुटक. ती आली की मी हातातला चेंडू हातातच घेऊन पळत सुटायचे. पाय आधी निघायचे आणि मी त्यांच्या मागून. बाबांची शिट्टी. सगळ्या मैदानाला माहीत होती. वर बघितलं की बाबा खिडकीत खुर्ची टाकून बसलेले दिसायचे, गळ्याशी मफलर, मांडीवर पेपर. मैदानातली मुलं म्हणायची, तुझ्या बाबांसारखी शिट्टी कुणाची नाही, आणि मी फुशारकीने म्हणायचे, आहेच मुळी. बाबा गेले त्यालाही आता बराच काळ लोटला. त्यांच्या आवाजाचं मला फारसं काही आठवत नाही, त्यांचा दमा आणि खोकला तेवढा आठवतो. पण शिट्टी अजून कानात आहे.

"आत या," मी म्हणाले. "दोघंही या. मूळ फाइल तशीच आहे, मी काही फुंकून टाकलेली नाही." मालक जेवायला गेले होते, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मागच्या खोलीत दोन स्टुलं आणि माझी खुर्ची एवढीच जागा. काकू माझ्या उजवीकडे बसल्या, काका डावीकडे, गुडघे पोटाशी घेऊन. मी फोटो उघडला. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली सगळी सफाई मूळ फोटोवर पातळ कागदासारखी पसरलेली असते आणि तिच्या शेजारी एक छोटा डोळा असतो. तो डोळा मिटला की सफाई नाहीशी होते. मी मिटला. बुरशी परत आली, घडी परत आली, आणि दोन लांब पांढऱ्या रेघा आभाळातून खाली उतरल्या. एक मुलीच्या मुठीकडे, एक मुलाच्या मुठीकडे. "ही बघ!" काकू. "ही बघ!" काका. दोघांनी पडद्यावर बोटं टेकवली. पडद्याला बोट लावलेलं मला खपत नाही, पण त्या दिवशी खपलं.

"भांडू नका, सोपं आहे," मी म्हणाले. आता माझी कळ गेली होती आणि जुना आजार परतला होता. "ओरखडा फोटोच्या वर असतो आणि दोरा फोटोच्या आत. ओरखड्याला काही कळत नाही. वाटेत आभाळ येवो, नाक येवो, तो सगळ्यांवरून सारखाच जातो. दोऱ्याला वाटेतल्या वस्तूच्या पुढून नाही तर मागून जावं लागतं." मी छोट्याच्या रेघेपासून सुरुवात केली. मोठी करत गेले. रेघ मुठीपर्यंत आली, मुठीवरून गेली, मनगटावरून, सदऱ्याच्या बटणावरून, आणि थेट चपलेच्या अंगठ्यात जाऊन थांबली. "पतंग पायाने उडवत होतास होय रे?" काकू इतक्या मोठ्याने हसल्या की काकांनी स्टूल मागे सरकवलं. "ओरखडा," मी म्हणाले. काकांचा चेहरा पडला. एवढा उंच माणूस, पण खाली मान घातली तेव्हा मला तो सदऱ्यातला मुलगाच दिसला. "आता तिची बघ," ते म्हणाले, "मलाही बघू दे." मी काकूंच्या रेघेवर गेले. ही मुठीत नीट शिरत होती, पुढे जात नव्हती. काकूंनी माझा दंड धरला. मग मी रेघ धरून वर निघाले, आभाळातून वर, आणखी वर, फोटोच्या काठापर्यंत. तिथे आभाळ संपतं आणि कागदाची पांढरी किनार सुरू होते. रेघ तिथेही थांबली नव्हती. किनारीवर तिचा खरवडलेला चरा तसाच पुढे कागदाच्या टोकापर्यंत गेला होता. पतंग कितीही उंच गेला तरी फोटोच्या किनारीवर चढत नाही. मला हे बोलायचं जिवावर आलं, पण बोलायची गरजच पडली नाही. "ओरखडाच की," काकू म्हणाल्या.

मला वाटलं होतं काका आता वचपा काढतील. पण दोघं पडद्याकडे बघत होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते, आणि इतक्या वेळात पहिल्यांदाच ती दोघं मला खरोखर परकी दिसली, दवाखान्यात आपला नंबर यायची वाट बघणाऱ्या दोन माणसांसारखी. "म्हणजे दोरा नव्हताच," काका म्हणाले. "असेल की," काकू म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता. "नसेलही. लहान होतो. काहीतरी मनात धरून बसलो." मग त्या हसल्यासारखं करून म्हणाल्या, "चला, मिटलं. आता तू तिकडे गेलास की फोनवर बोलायचं काय रे आपण? हवापाणी?" काकांनी नाक ओढलं. मला एकदम सगळं कळलं. ज्या भांडणाचा निकाल मागायला ते आले होते, त्याच भांडणाने इतकी वर्षं त्यांना एकमेकांशी बांधून ठेवलं होतं. परवा एकजण जाणार, आणि ते मी आज कापून दिलं होतं, वर ओरखडा-दोरा असा शहाणपणा शिकवून. माझा हात आपोआप पडद्यावर रेघा काढायच्या पेनवर गेला. एक खोटी रेघ काढून द्यावी, असंही मनात येऊन गेलं. इतकी पुसते, एक काढली तर काय बिघडलं. पण कुणाच्या मुठीपासून काढू?

काय करावं सुचेना, म्हणून मी नुसती फोटोत हिंडत राहिले. अस्वस्थ झाले की मी असंच करते. कुणी नखं खातं, मी दुसऱ्यांच्या फोटोत हिंडते. पाण्याची टाकी. कठडा. कठड्यापाशी, मुलांच्या पाठीमागे, एक बाई अंग वळवून उभी, थोडी हललेली, अर्ध्या प्रकाशात. साफ करताना मी तिच्यावर फारसा वेळ घालवला नव्हता. "या कोण?" "आई," दोघं एकदम म्हणाले. "कपडे वाळत घालतेय," काकू म्हणाल्या. "ती काय, सदानकदा कपडेच वाळत घालायची." आईचा उजवा हात खांद्याच्या वर उचललेला होता. मी तिच्या हाताशी आले, आणि माझ्या या नासलेल्या नजरेचे उपकार, की मी विचारलं, "कपडे कुठे आहेत?" कपडे नव्हते. बादली नव्हती. वाळत घालायची दोरीही नव्हती, टाकीपासून कठड्यापर्यंत कुठेच नव्हती. आणि त्या उचललेल्या हातातून एक रेघ निघत होती. पहिल्या दोन रेघांसारखी ठसठशीत नाही, मऊ. मी तिच्या मागे मागे गेले. ती हळूच वर चढत होती, मध्ये जरासा झोळ होता. छोट्याच्या कानापाशी आली आणि नाहीशी झाली. कानाच्या दुसऱ्या बाजूला ती पुन्हा निघाली, आणखी बारीक होत, आभाळातून वर, आणि किनारीच्या अलीकडे, आभाळ संपलं तिथेच, नीट संपली. "कानाच्या मागून गेली," काका पुटपुटले. शिकवलेलं त्यांनी लक्षात ठेवलं होतं. काकू म्हणाल्या, "दोरा आईकडे आहे?"

"थांबा," मी म्हणाले, कारण मला आता एक ठिपका आठवला होता. आईच्या हललेल्या चेहऱ्यावर, तोंडापाशी, एक पांढरा ठिपका होता, मी तो धूळ समजून काढला होता. एका टिचकीत. आता मूळ फोटोत तो जागेवर होता. मी जितका मोठा करता येईल तितका केला, मग थोडं मागे आले, म्हणजे शेताचा पुन्हा चेहरा होतो. ते दात होते. बाई खदखदून हसत होती. मान मागे टाकून, दोरा ताणून, गच्चीच्या कठड्याला टेकून, आणि मी तिचं तोंड मिटवून तिला कपडे वाळत घालायला लावलं होतं. "आई अशी कधी हसायची?" काकूंनी विचारलं. काकांनी पडद्यावरच्या मुलांच्या उंचावलेल्या मुठींकडे पाहिलं, आधी ताईच्या, मग स्वतःच्या, आणि एकदम मांडीवर थाप मारली. "ताई! आपण धरलेलं नाहीये काही. आपण मागतोय! मला दे, मला दे म्हणून उड्या मारतोय आणि ती देत नाहीये!" "देत नाहीये!" काकू म्हणाल्या. "दुष्ट बाई!" आणि दोघं हसायला लागले. काकू हसता हसता रडल्या, पदराने डोळे पुसले, पुन्हा फोटोकडे पाहिलं आणि पुन्हा हसल्या. मलाही आवरेना. मला इतका आनंद झाला होता की मी उगीचच फाइल दोनदा सेव्ह केली.

"पण मग दिला तिने नंतर," काका डोळे पुसत म्हणाले. "बोटांना आठवतंय ना. आधी मला दिला." "तुला? आधी मला दिला. मोठी मी." "लहानांना आधी देतात!" "आणि रीळ? दोऱ्याचं रीळ कुणी धरलं होतं मग? मी!" "तू? तू रीळ टाकून पळालीस खाली!" ते दारातून बाहेर पडेपर्यंत हेच चाललं होतं. दारात काकांनी सवयीने मान वाकवली आणि मागे वळून मला म्हणाले, "तेवढे ओरखडे दोन्ही काढून टाका. दोरा राहू दे." "आणि तिचे दात," काकू म्हणाल्या. "दात ठळक दिसले पाहिजेत." मग फूटपाथवरून त्यांचा आवाज आला, "फोन करशील तेव्हा सांगते तुला रिळाचं!" संध्याकाळपर्यंत मी त्या दोन ओरखड्यांशिवाय दुसऱ्या कशाला हात लावला नाही, आणि ते काढताना दर थोड्या वेळाने थांबून डोळ्यांना विचारलं.

घरी आले तेव्हा उजेड होता. नवरा आला नव्हता. आई ओट्यापाशी उभी राहून भांडी पुसत होती, आणि खिडकीखालच्या मैदानात पोरांचा कल्ला चालला होता. घर तेच आहे, मैदानही तेच, फक्त पोरं बदलत राहतात. मी बाबांच्या जागेवर खिडकीत उभी राहिले. दिवसभराच्या हसण्याने गाल दुखत होते. मी सहज खाली बघत होते, आणि तसंच बघता बघता मला दुपारची ती कपड्यांशिवायची गच्ची आठवली, आणि मग बाबांच्या गळ्याशी असलेला मफलर. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं. "आई, आपल्याकडे संध्याकाळी शिट्टी कोण वाजवायचं गं?"

"शिट्टी?" आईने ताट रॅकमध्ये ठेवलं. "तुला बोलवायची?"

"हो. बाबाच ना?"

"यांना?" आई म्हणाली. "अगं, यांना वाढदिवसाची मेणबत्ती एका फुंकरीत विझवता येत नव्हती. दम्याचा माणूस शिट्टी कसली वाजवतोय?"

"मग?"

"मग काय मग? मी. ओट्यापाशी उभं राहून. हात ओले असले की बोटं छान बसतात." ती हे भाजीत मीठ किती घालावं ते सांगावं तसं सांगत होती. मी वेड्यासारखी तिच्याकडे बघत राहिले. "कधी बोलली नाहीस!" "तू कधी विचारलंस? खिडकीत ते दिसायचे, पोरं त्यांनाच सलाम ठोकायची. यांनाही बरं वाटायचं. राहू दे म्हटलं." तिने दोन बोटं नळाखाली धरली. "आता या नव्या दातांनी जमतं की नाही कोण जाणे." पहिल्या वेळी नुसता वारा आला. दुसऱ्या वेळी थोडी थुंकी उडाली आणि ती स्वतःच हसली. तिसऱ्या वेळी ती आली. एक लांब, एक तुटक.

माझे पाय घराकडे निघाले. मी घरातच होते, तरी निघाले. पुढे जायला जागाच नव्हती म्हणून मी खिडकीच्या गजांवर आपटले. खाली सगळा खेळ थांबला होता. पोरांनी माना वर केल्या होत्या, चेंडू हातातच, तोंडं उघडी, आणि त्यांना तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत मी दिसत होते. एक पोरगी माझ्याकडे बघून ओरडली, "काकू, भारी! परत!"

"मी नाही!" मी खाली ओरडले, आणि ओट्यापाशी हात पुसायला लागलेल्या आईला दंडाला धरून खिडकीशी ओढत आणलं. "अगं, काय करतेस, हात ओले आहेत माझे," ती म्हणाली.

"असू देत," मी म्हणाले आणि बाजूला झाले. आईने खाली पाहिलं, सगळ्या वर केलेल्या तोंडांकडे नीट पाहिलं, आणि बोटं तोंडात घातली.